खांब कुजतो तो मातीच्या तोंडाशी



आपल्या पोशेरा भागातल्या पावसात मांडवाचा साधा डांब दोन-तीन वर्षांत हलायला लागतो. कारली-दुधी लगडलेली असताना श्रावणात एक डांब बसला, तर शेजारचे दोन घेऊन जातो आणि हंगाम हातचा जातो. म्हणून नवे डांब रोवण्याआधी एवढं वाचाच.

जुना डांब उपटून बघा. खालचं टोक बरेचदा ठणठणीत असतं. कुजलेलं असतं ते मातीच्या पातळीजवळचं वीतभर. कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोलवर हवा कमी, वर ओल टिकत नाही. मातीच्या तोंडाशी दोन्ही मिळतात. मेहनत तिथेच घ्यायची.

*१. लाकूड:* साग, खैर यांचा आतला गडद गाभा टिकतो, बाहेरचं फिकट लाकूड आधी जातं. साल पूर्ण सोला, तिच्याखाली वाळवी शिरते. झाड तोडायचं असेल तर आधी वन विभागाची परवानगी घ्या.

*२. वाळवण:* सावलीत, जमिनीपासून उचलून, चांगलं वाळू द्या. ओल्या लाकडाला डांबर लावलं तर ओल आतच कोंडते.

*३. डांबर:* पुरायच्या भागाला आणि मातीच्या वर वीतभर गरम डांबर लावा. नुसतं टोक जाळून भागत नाही. तडा गेला की पाणी आत जातं. जळकं ऑइल नको, ते शेताच्या मातीत उतरतं.

*४. खड्डा:* 8 फुटी खांबाला 2 फूट खोल. तळाला चार बोटं खडी. भोवती खडी-मुरूम थराथराने भरून पहारीने ठोका. तोंडाशी माती खांबाकडून बाहेर उतरती ठेवा. सिमेंट भरणार असाल तर खांबाखाली टाकू नका. त्याची वाटी होते आणि पाणी साचतं.

*५. डोकं:* वरचं टोक तिरकं कापा. बांबू पेराच्या लगेच वर कापा, म्हणजे नळीत पाणी भरणार नाही.

बांधाच्या कुंपणाला तर जिवंत खांबच बरा. गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याची जाड फांदी पहिल्या पावसात रोवा. मूळ धरलं की कुजायची चिंता नाही, वर हिरवळीचा पालाही मिळतो.

जुन्या वाड्यांचे सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असायचे, मातीत नाही. कारण हेच: लाकूड ओलीपासून दूर!

दिवाळीनंतर प्रत्येक डांबाची माती वीतभर उकरून विळ्याच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज घुसलं, तर तो डांब पुढच्या पावसाआधी बदला.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी