पिकअपवरचे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातून दोन मोठे रस्ते जातात. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, आर्णी, नांदेडमार्गे तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हा एक आणि पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग हा दुसरा. या रस्त्यांवरून आलेली मोटार उन्हाळ्यात पाहावी. मूळ रंग ओळखू येत नाही इतकी धूळ तिच्यावर बसलेली असते. मोटार आतून-बाहेरून बारकाईने साफ करून, पॉलिश करून देण्याच्या कामाला डीटेलिंग म्हणतात. मोठ्या शहरांत हे काम करणारे आता ग्राहकाच्या दारातही येतात. समजा, आपल्या शाळेतून बारावी विज्ञान होऊन गेलेला एखादा विद्यार्थी म्हणाला, “सर, जुनी पिकअप घेतो, तिच्यावर टाकी आणि पंप बसवतो आणि गावोगाव हा धंदा करतो,” तर त्याला आपण काय सांगू? भांडवलाचे गणित तो स्वतः करील. पाण्याचे गणित मात्र आपण त्याच्याबरोबर करायला हवे, कारण या गाडीवरील सर्वांत जड, सर्वांत अस्थिर आणि आपल्या भागात सर्वांत मोलाची वस्तू पाणी हीच आहे.

पहिला प्रश्न : किती पाणी न्यावे?

एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम. म्हणजे ५०० लिटरची टाकी भरली की गाडीवर अर्धा टन चढला. २००५ साली बाजारात आलेल्या, ‘छोटा हत्ती’ या नावाने आपण ओळखतो त्या टाटा एसची भारक्षमता ७५० किलोग्रॅम होती. अशा गाडीवर भरलेली टाकी, पंप, जनित्र, पाइप, साबणाचे डबे आणि मदतनीस एवढे चढवले की क्षमता संपत आली असे समजावे. कोणत्याही गाडीच्या नोंदणीपत्रात तिचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन अशा दोन संख्या असतात. त्यांची वजाबाकी हीच भाराची मर्यादा. टाकी विकत घेण्यापूर्वी ही वजाबाकी करावी.

टाकी कुठे ठेवायची, हे तरफेचा नियम सांगतो. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ३ मीटर धरू. ५०० किलोग्रॅमची टाकी मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवली, तर ५०० × ०.६ ÷ ३ = १०० किलोग्रॅम इतका भार पुढच्या चाकांवरून कमी होतो आणि मागच्या चाकांवर ६०० किलोग्रॅम वाढतो. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू नीट लागत नाही. तीच टाकी मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे सरकवली, तर पुढच्या चाकांवर १०० आणि मागच्या चाकांवर ४०० किलोग्रॅम असा भार वाढतो. टाकी तेवढीच, गाडी तीच. फरक फक्त जागेचा.

दुसरा प्रश्न : पाणी हलले तर?

पोते हौद्यात ठेवले की ठेवलेल्या जागी राहते. पाण्याचे तसे नाही. आपली टाकी १२५ सेंटिमीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच आहे असे समजू. तिच्यात बरोबर ५०० लिटर पाणी मावते. सकाळच्या कामांत निम्मे पाणी संपले आणि आता पाण्याची उंची २५ सेंटिमीटर उरली आहे. रस्त्यात म्हैस आडवी आली आणि चालकाने जोरात ब्रेक लावला. गाडीचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होऊ लागला. गुरुत्वीय त्वरण १० धरले, तर पाण्याचा पृष्ठभाग दर मीटर लांबीला ०.४ मीटर या चढाने तिरपा होतो. सव्वा मीटर लांबीवर हा फरक बरोबर अर्धा मीटर भरतो. म्हणजे पाणी पुढे झाकणाला टेकते आणि मागे टाकीचा तळ उघडा पडतो! आयताकृती पाण्याचा त्रिकोणी पाचर होतो आणि अडीचशे किलोग्रॅमचा गुरुत्वमध्य सुमारे २१ सेंटिमीटर पुढे सरकतो. पाणी प्रत्यक्षात एकदाच सरकून थांबत नाही, ते मागेपुढे हिंदकळत राहते. त्यामुळे धक्का याहून मोठाही बसू शकतो.

टाकी पूर्ण भरलेली असती तर पाण्याला सरकायला जागाच नव्हती. पूर्ण रिकामी असती तर सरकायला पाणी नव्हते. हिंदकळण्याचा धोका या दोन टोकांच्या मधल्या स्थितीत असतो आणि आपल्या विद्यार्थ्याची गाडी दिवसभर याच मधल्या स्थितीत फिरणार आहे. वळणावर हेच आडव्या दिशेने घडते. ताशी ३० किलोमीटर वेगाने २० मीटर त्रिज्येचे वळण घेताना सुमारे ३.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके त्वरण असते. पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढते, म्हणजे गाडी जिकडे उलटू पाहते तिकडेच जाऊन बसते. घाटातल्या उतारावर याचा विचार करावा.

यावर उपाय सोपा आहे. टाकीत आडव्या भिंती घालायच्या आणि पाणी हळूहळू समपातळीत येण्यासाठी त्यांना तळाशी लहान भोके ठेवायची. दोन भिंतींनी टाकीचे तीन समान कप्पे झाले, तर गुरुत्वमध्याचे सरकणे किती कमी होईल? एक तृतीयांश, असे उत्तर पटकन मनात येते. प्रत्यक्षात हे सरकणे कप्प्याच्या लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ते एक नवमांश होते. २१ सेंटिमीटरच्या जागी सव्वादोन-अडीच सेंटिमीटर. वळणासाठी एक उभी भिंत लांबीच्या दिशेने घातली की आडवे सरकणे एक चतुर्थांशावर येते. घराच्या गच्चीवरची गोल टाकी उचलून हौद्यात बांधली, तर यातले काहीच साधत नाही. टाकी बांधतानाही हिशेब हवा. वरच्याच ब्रेकमध्ये भरलेली टाकी ५०० × ४ = २००० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने पुढे ओढली जाते. सुतळीचे ते काम नव्हे.

तिसरा प्रश्न : थोड्या पाण्यात काम कसे करावे?

साध्या पाइपमधून मिनिटाला १५ लिटर पाणी येत असेल, तर पंधरा मिनिटांत सव्वादोनशे लिटर जाते आणि दोन मोटारींतच टाकी संपत येते. दाबाने पाणी मारणारा पंप १०० बार दाबाने मिनिटाला ६ लिटर देतो असे धरू. दहा मिनिटांत ६० लिटर लागतील आणि तेवढ्याच टाकीत आठ मोटारी होतील. दाब आणि दर सेकंदाचा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती येथे १००० वॅट येते. वाटेतली हानी धरून दीड किलोवॅटची मोटर लागेल. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवली तर १२५ अँपिअर प्रवाह वाहील. घरगुती वायर त्याला पुरणार नाही.

या धारेचा वेग तोंडाशी सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर असतो. ती कातडीतून आत शिरू शकते. धार कोणाच्याही अंगावर, गमतीनेसुद्धा, धरू नये.

कोरड्या फडक्याने पुसून पाणी वाचवण्याचा मोह टाळावा. रस्त्याच्या धुळीत बेसाल्टच्या खडीचा बारीक कूट असतो. बेसाल्टमधील फेल्डस्पार या खनिजाची कठिणता मोहच्या मापावर ६ आहे. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर त्यापुढे फारच मऊ. आधी धार मारून कण सोडवावे, मग साबणाच्या पाण्याने पुसावे.

चौथा प्रश्न : पाणी कुठले?

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला होता. त्या दिवसांत प्यायच्या पाण्याने मोटारी धुणे कोणालाही पटले नसते. दुसरीकडे, केळापूरसारख्या तालुक्यांतील काही विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास अयोग्य ठरते. मोटार धुण्यास मात्र ते चालते. तेव्हा टाकी अशा पाण्याने भरावी आणि तिच्यावर ‘पिण्यासाठी नाही’ असे ठळक लिहावे.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार असतील आणि मोटारीवर एक लिटर पाणी वाळले, तर अर्धा ग्रॅम पांढरे डाग मागे राहतील. म्हणून सावलीत धुवावे आणि थेंब वाळण्याआधी टिपून घ्यावेत.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्या जिल्ह्यात फवारणीचे पंप आणि औषधांचे रिकामे ड्रम सहज मिळतात. ते स्वस्त पडतात म्हणून या कामाला वापरू नयेत. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले औषध दोन-चार वेळा विसळून जात नाही, आणि धारेचे बारीक तुषार दिवसभर धुणाऱ्याच्या श्वासात जात असतात. धुऊन झालेले तेलकट पाणीही विहिरीकडे किंवा नाल्याकडे वळवू नये.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक पारदर्शक, आयताकृती डबा निम्मा भरून त्यात थोडी शाई टाका. डबा खेळण्यातल्या गाडीवर ठेवून ओढा आणि एकदम थांबवा. पाणी किती चढले ते डब्यावर खूण करून मोजा. मग जाड प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आडव्या बसवून तोच प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी काचेच्या पट्टीवर विहिरीचे पाणी, पावसाचे साठवलेले पाणी आणि बॅटरीत घालायचे पाणी यांचा एकेक थेंब वाळू द्या आणि भिंगातून डाग पाहा. यांपैकी कोणत्या पाण्याने टाकी भरावी आणि ती टाकी कशी असावी, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. पिकअप घेऊ पाहणारा तो माजी विद्यार्थी गावातच असेल, तर त्यालाही त्या तासाला बोलवावे.