गोळीच्या पट्टीवरची दोन अक्षरं

होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जा, कपाटाच्या वरच्या खणात तापाच्या गोळ्यांची एक तरी अर्धी फाडलेली पट्टी सापडतेच. ती उलटी करून बघा. ब्रँडचं नाव आणि जवळच ‘पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आय.पी.’ हे आय.पी. म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल नव्हे (कॉम्प्युटरवाल्यांनी कृपया लक्ष द्यावे!). ते आहे इंडियन फार्माकोपिया. त्याचं सरकारी नाव ‘भारतीय भेषज संहिता’ असं आहे. मी पडले कॉन्व्हेंटवाली, मला ‘भेषज’ नीट उच्चारायलाच दोन दिवस लागले, तेव्हा या लेखात मी आपलं फार्माकोपियाच म्हणणार आहे.

सिव्हिलवाल्यांना काँक्रीटसाठी जसा आय.एस. ४५६, तसा औषध बनवणाऱ्यांना फार्माकोपिया. माझी एक मैत्रीण बी.फार्म. करते, तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत मी हे जाडजूड खंड पाहिले. त्यात प्रत्येक औषधाचं स्वतंत्र प्रकरण असतं, त्याला मोनोग्राफ म्हणतात. औषध दिसतं कसं, ते तेच आहे हे ओळखायचं कसं, त्यात नको असलेले पदार्थ किती चालतील आणि मूळ द्रव्य किती असलंच पाहिजे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पॅरासिटामॉलच्या गोळीत लेबलवर लिहिलेल्या मात्रेच्या ९५ ते १०५ टक्के औषध हवं. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४७५ ते ५२५. आपण मेट्रॉलॉजीत शिकतो तो टॉलरन्स, दुसरं काय! वजनासाठी वीस गोळ्या वेगवेगळ्या तोलायच्या. एवढ्या मोठ्या गोळ्यांमध्ये सरासरीपासून पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक दोनपेक्षा जास्त गोळ्यांत चालत नाही आणि दहा टक्क्यांच्या बाहेर तर एकही नको. शिवाय गोळी पाण्यासारख्या द्रवात, ३७ अंशांना, ठरलेल्या वेगाने ढवळून ठरलेल्या वेळात किती विरघळते तेही मोजायचं. कारण औषध भरपूर असलेली पण पोटात न विरघळणारी गोळी आणि खडू यात फरक काय?

मला सगळ्यात जास्त आवडला तो रेफरन्स स्टँडर्डचा भाग. आपल्याकडे स्लिप गेज असतात ना, ज्यांच्यावरून बाकीची मापं तपासतात, तसाच शुद्ध औषधाचा प्रमाणित नमुना छोट्या कुपीत मिळतो. गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशन आहे, तिथून तो घ्यायचा आणि आपल्या मालाची तुलना त्याच्याशी करायची. पुस्तकात शब्द असतात, कुपीत वस्तू असते. दोन्ही मिळून स्टँडर्ड होतं.

पण ही पुस्तकं सुरुवातीला अशी नव्हती. त्यात टेस्ट नव्हत्याच, होत्या त्या चक्क रेसिपी.

लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १६१८ मध्ये आपला फार्माकोपिया काढला आणि राजा जेम्सने हुकूम काढला की इंग्लंडमधल्या औषध विकणाऱ्यांनी यातल्याप्रमाणेच औषधं बनवावीत. त्यात थेरिअक नावाचं एक औषध होतं. साठाहून जास्त घटक, त्यात अफू आणि सापाचं मांससुद्धा! आजीच्या लाडवाच्या रेसिपीसारखं, हे इतकं घ्या, ते तितकं कुटा. तयार झालेला माल बरोबर आहे की नाही हे तपासायची काहीच सोय नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस लिहिलेली होती, इन्स्पेक्शन नव्हतं. शिवाय पुस्तक लॅटिनमध्ये. १६४९ मध्ये निकोलस कल्पेपर नावाच्या माणसाने त्याचं इंग्रजी भाषांतर करून छापलं, तेव्हा कॉलेजवाले त्याच्यावर जाम भडकले होते. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलं की काही लोकांना त्रास होतो, हे जुनंच आहे.

पुढे लंडन, एडिंबरा आणि डब्लिन या तिघांचे तीन फार्माकोपिया झाले. नाव तेच, औषधाची ताकद मात्र गावागणिक वेगळी. एडिंबराच्या डॉक्टरची चिठ्ठी लंडनला नेली तर डोस बदलायचा. शेवटी १८५८ च्या कायद्याने तिन्ही मिळून एकच पुस्तक करायचं ठरलं आणि १८६४ मध्ये पहिला ब्रिटिश फार्माकोपिया निघाला. अमेरिकेत त्याआधीच, १८२० मध्ये, अकरा डॉक्टर वॉशिंग्टनला सिनेटच्या सभागृहात जमले आणि त्यांनी देशासाठी एक पुस्तक ठरवलं. तिथे हे काम सरकारने नाही, डॉक्टरांनी स्वतःहून केलं.

खरा बदल केमिस्ट्रीने केला. १८२० मध्येच फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळं काढलं. तोपर्यंत मलेरियावर साल कुटून द्यायचे, आणि एका झाडाच्या सालीत जितकं औषध तितकं दुसऱ्याच्या सालीत असेलच असं नाही. आता नेमकं द्रव्यच हातात आल्यावर ते किती आहे हे मोजता येऊ लागलं. रेसिपीच्या जागी हळूहळू टेस्ट आली.

आपल्या देशातली सुरुवात झाली कलकत्त्याला, आणि इथे इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. १८४४ चा बंगाल फार्माकोपिया लिहिणारा विल्यम ओ’शॉनेसी हा आयरिश डॉक्टर कलकत्ता मेडिकल कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. याच माणसाने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राची चाचणी लाइन टाकली होती आणि पुढे देशभर तारा टाकायचं काम याच्याच हाताखाली झालं. १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा पहिला संदेश गेला. इथल्या वनस्पती इथल्याच रुग्णांवर वापरून पाहून त्याने नोंदी केल्या होत्या. त्यानंतर १८६८ मध्ये एडवर्ड वॉरिंगने संपादित केलेला ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ आला, त्यातही देशी औषधांना बरीच जागा होती. पण हे पुढे टिकलं नाही. आपल्याकडे ब्रिटिश फार्माकोपियाच चालू लागला, आणि १९०० मध्ये भारत आणि इतर वसाहतींसाठी त्याला एक पुरवणी जोडली गेली. आपली अडुळसा-कडुनिंबाची दुनिया पुरवणीत!

त्याहून वाईट म्हणजे पुस्तक होतं, पण ते पाळलंच पाहिजे असा देशभर लागू होणारा कायदा नव्हता. भेसळीचं क्विनाइन बाजारात विकलं जात होतं. ओरड झाल्यावर १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ मध्ये अहवाल आला, आणि कायदा यायला १९४० उजाडलं. १९४६ मध्ये ब्रिटिश पुस्तकाला जोड म्हणून एक भारतीय यादी निघाली, १९४८ मध्ये स्वतंत्र समिती बसली, आणि १९५५ मध्ये इंडियन फार्माकोपियाची पहिली आवृत्ती छापली गेली. दुसरी १९६६ मध्ये, तिसरी थेट १९८५ मध्ये. एकोणीस वर्षं! (आपलं सिलॅबससुद्धा त्याहून लवकर बदलतं.) मधे पुरवणी निघाली, पण औषधांच्या दुनियेत एकोणीस वर्षं म्हणजे फारच झाली. चौथी आवृत्ती १९९६ ची. २००५ मध्ये कमिशन स्थापन झालं तेव्हापासून गाडी रुळावर आली. २००७, २०१०, २०१४, २०१८, २०२२ अशा आवृत्त्या येत गेल्या. २०१९ मध्ये अफगाणिस्तानने आपला फार्माकोपिया अधिकृतपणे मान्य केला, असं करणारा तो पहिला देश.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आहे तर मग कफ सिरपने मुलं मरतात कशी? मलाही हाच प्रश्न पडला होता, आणि खरं तर या लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

या सगळ्या बातम्यांत एकच नाव येतं, डायएथिलिन ग्लायकॉल. मेकॅनिकलवाल्यांच्या ओळखीचं, ब्रेक फ्लुइडमध्ये असतं. दिसायला पारदर्शक, जरा दाट, चवीला गोड. सिरपमध्ये वापरतात ते ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉलही असेच दिसतात, पण महाग असतात. शरीरात डायएथिलिन ग्लायकॉल गेलं की किडन्या निकामी होतात. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषध त्यात विरघळवून ‘एलिक्झिर’ म्हणून विकलं. शंभरहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. विकण्याआधी औषध सुरक्षित आहे का ते तपासा, असं तेव्हाचा कायदा सांगतच नव्हता. सरकारला तो माल जप्त करता आला तो एका शब्दामुळे. एलिक्झिर म्हणजे अल्कोहोलमधलं औषध, आणि यात अल्कोहोल नव्हतं, म्हणून लेबल खोटं! नवा कायदा १९३८ मध्ये आला.

आपल्या मुंबईत, जे.जे. हॉस्पिटलमध्ये, १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. मेंदूतला आणि डोळ्यातला दाब कमी करायला ग्लिसरॉल पाजतात. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने अहवाल दिला आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंत कोणालाच सोडलं नाही. लक्षात घ्या, तेव्हा फार्माकोपिया होता, कायदा होता, तपासणारं खातं होतं. तरीही झालं.

याचं एक कारण त्या पुस्तकांतच होतं. ग्लिसरीनच्या मोनोग्राफमध्ये शुद्धतेच्या टेस्ट होत्या, पण त्या कोणी मुद्दाम दुसराच स्वस्त द्रव घालेल असं गृहीत धरून लिहिलेल्या नव्हत्या. पनामात २००६ मध्ये पुन्हा तसंच घडलं, तेव्हा अमेरिकन फार्माकोपियाने २००९ मध्ये डायएथिलिन ग्लायकॉलची टेस्ट ग्लिसरीनच्या ‘ओळख’ या भागातच घातली. मर्यादा ०.१ टक्का. ‘ओळख’ मध्ये घालण्याचा अर्थ असा, की ही टेस्ट केल्याशिवाय या पिंपात ग्लिसरीन आहे असं म्हणताच येणार नाही.

दुसरं कारण पुस्तकाच्या बाहेरचं. आय.पी. हा कुणी सरकारी माणसाने बॅच तपासून मारलेला शिक्का नाही. माझा तरी तोच समज होता. कंपनी स्वतः ते छापते, म्हणजे माल या पुस्तकाप्रमाणे आहे असं ती स्वतः सांगते. प्रत्येक बॅच तपासणं तिच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, सरकार मात्र बाजारातून काही नमुनेच उचलतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात वीसहून जास्त लहान मुलं गेली. त्यांना दिलेल्या सिरपमध्ये तामिळनाडूच्या सरकारी लॅबला डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ आणि सापडले ४८.६. हे काही इन्स्ट्रुमेंटच्या एररमध्ये बसणारं नाही. पिंपातला एक थेंब काढून साध्या थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर ठेवला असता तरी कळलं असतं, असं माझी मैत्रीण म्हणाली. ही प्लेट ते लोक प्रॅक्टिकलला करतात.

अजून एक गोष्ट तिच्याकडूनच कळली. फार्माकोपियाची मर्यादा औषध कारखान्यातून निघताना पुरती नसते, एक्स्पायरीच्या तारखेपर्यंत ते औषध त्यात बसलं पाहिजे. आणि १९४० च्या त्याच कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे तुम्ही-आम्ही कोणीही, विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी अ‍ॅनालिस्टकडे तपासायला देऊ शकतो आणि रिपोर्ट मागू शकतो. त्यासाठी मेडिकलवाल्याकडून बॅच नंबर टाकलेलं बिल घेतलेलं बरं. आपल्या गेटसमोर आपण मागत नाही, म्हणून ते देत नाहीत.