डाव हरला कोठे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळा सुटल्यावर कामशेतच्या बाजूचे एक पालक आम्हांस भेटावयास आले. लोणावळ्याचा पाऊस असा कोसळत होता, की समोरचा डोंगरही दिसत नव्हता. छत्री दाराशी ठेवून ते गृहस्थ आत आले आणि बसण्यापूर्वीच म्हणाले, "सर, याचा मोबाइल आता काढूनच घेतो. लोकलमध्ये बुद्धिबळ, जेवताना बुद्धिबळ, रात्री पांघरुणात बुद्धिबळ. गणिताच्या चाचणीत नापास झालाय." मुलगा त्यांच्या पाठीमागे खाली मान घालून उभा होता.

पत्त्यांविषयीच्या तक्रारी आम्ही पुष्कळ ऐकिल्या आहेत. बुद्धिबळाविषयीची ही पहिलीच. ज्या खेळाच्या नावातच बुद्धी आहे, त्याने मुलाच्या बुद्धीचे नुकसान व्हावे हे आम्हांस चमत्कारिक वाटले. तथापि पालकांचे दुःख खरे होते, आणि मुलाचे पडलेले तोंडही खरे होते. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली व मुलास म्हटले, "बाळ, जिंकलेले डाव राहू देत. हरलेले आणि बरोबरीत सुटलेले तेवढे आम्हांस दाखव."

ऑनलाइन बुद्धिबळाची एक मोठी सोय अशी, की तेथे खेळलेला प्रत्येक डाव आपोआप नोंदला जातो. पटावर खेळणारास प्रत्येक चाल कागदावर हाताने लिहावी लागते; येथे चाल तर लिहिली जातेच, शिवाय त्या चालीस किती सेकंद लागले हेही नोंदले जाते. ही दुसरी नोंद बहुतेक मुले कधी उघडूनही पाहत नाहीत. वास्तविक खेळाडूचा स्वभाव जितका तिच्यात दिसतो, तितका सोंगट्यांच्या चालींत दिसत नाही.

हा मुलगा प्रत्येकी दहा मिनिटांचे डाव खेळतो. त्याच्या डावांत आम्हांस प्रथम गुणच दिसले, आणि ते लहान नव्हेत. त्याचा घोडा फार तिखट. एका उडीत राजाला शह आणि वजिरावर मारा, असा दुहेरी घाव त्याला झटकन दिसतो. तो भित्रा नाही. उंट बळी देऊन शत्रूच्या राजाचे कवच फोडण्यास तो मागेपुढे पाहत नाही. सुरुवातीच्या दहा-बारा चाली तो नीट जाणतो. इतके सर्व असून तो हरतो, आणि निम्म्याहून अधिक डावांत तो हरला तेव्हा घड्याळात त्याची अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होती! सहा मिनिटे गाठीशी असता ज्याने वजीर घालविला, त्याला वेळ पुरली नाही असे कोण म्हणेल? फुकटचे प्यादे दिसले की एका सेकंदात त्यावर झडप घालावी आणि दुसऱ्या चालीला हत्ती गमवावा, हा त्याचा ठरलेला क्रम. मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकणाऱ्या एसावाची आम्हांस येथे पदोपदी आठवण झाली. भूक खरी होती. पण सौदा करण्याची घाई त्याहून मोठी होती.

दुसरा दोष सूक्ष्म आहे, आणि तो समजावण्यास मावळातील मुलास दूर जावे लागत नाही. मळवलीच्या स्टेशनावर उभे राहिले की लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी दिसतात. १८१८ साली इंग्रजी फौजेने आधी विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून उंच आणि अगदी लगत. तो हातचा गेल्यावर लोहगड तोफांच्या माऱ्याखाली आला आणि फारशी झुंज न होता पडला. पटावरही अशी घरे असतात. त्या घरी शत्रूचा घोडा येऊन बसला आणि त्याला हुसकावण्यास आपले एकही प्यादे उरले नाही, की आसपासची चार घरे लढाईवाचूनच जातात. आमचा विद्यार्थी लोहगडावर हल्ला करतो. विसापुराकडे त्याचे लक्ष नसते. कोणती सोंगटी मारली हे तो मोजतो, कोणते घर गेले हे मोजीत नाही.

तिसरा दोष डावाच्या शेवटाचा. एक डाव येथे सविस्तर सांगितला पाहिजे. पटावर केवळ तीन सोंगट्या उरल्या होत्या: मुलाचा राजा, त्याचे एक प्यादे, आणि प्रतिपक्षाचा एकटा राजा. डाव त्याने जिंकावयाचाच होता. परंतु प्याद्याचा वजीर करण्याच्या उतावळीने त्याने प्यादे पुढे पिटाळले आणि राजास मागून धावविले. प्यादे सातव्या ओळीत, शत्रूचा राजा त्याच्यासमोर आठव्या ओळीत, आणि आपला राजा प्याद्याच्या मागे सहाव्या ओळीत, अशी स्थिती झाली. चाल शत्रूची, त्याला शह नाही, पण हलावयास घरही नाही. झाली जिच! वर्तमानपत्रांत वाटाघाटींत जिच पडल्याचे आपण वाचतो, तो शब्द याच पटावरून तेथे गेला. जिंकलेला डाव अर्ध्या गुणावर आला. त्या वेळी मुलाजवळ चार मिनिटे होती, आणि शेवटच्या पाच चालींना मिळून त्याने पाच सेकंदही खर्च केले नव्हते.

यावरील नियम एका ओळीचा आहे. राजाने आधी चालावे, प्याद्याने मागून यावे. आपला राजा प्याद्याच्या पुढे राहून सहाव्या ओळीत पोहोचला, तर चाल कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. अपवाद फक्त पटाच्या दोन कडांच्या प्याद्यांचा. हे आम्ही मुलास पटावर मांडून दाखविले, तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हे मला कुणी सांगितलंच नाही." खरे आहे. तीन मिनिटांच्या आणि दहा मिनिटांच्या डावांतून हल्ला शिकता येतो, शेवट शिकता येत नाही. कारण शेवट येईतो एक खेळाडू कंटाळलेला असतो आणि दुसऱ्याचे घड्याळ संपत आलेले असते.

आता कोणी म्हणेल, हे दोष नवशिक्यांचे. थोर खेळाडूंस त्यांचे काय? यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका कन्येचे उदाहरण घेऊ. नागपूरच्या कु. दिव्या देशमुख यांचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा. २०२० साली महामारीमुळे देशोदेशींचे संघ एकत्र येऊ शकत नव्हते, म्हणून बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच ऑनलाइन भरले. प्रत्येक खेळाडूस पंधरा मिनिटे व चालीमागे पाच सेकंद. भारतीय संघाचे नायक नाशिकचे श्री. विदित गुजराथी होते, आणि संघात चौदा वर्षांच्या दिव्याही होत्या. रशियाशी अंतिम सामना चालू असता दुसऱ्या फेरीत दिव्या आणि निहाल सरीन या दोघांचा इंटरनेटचा संबंध तुटला व घड्याळावर त्यांचे डाव गेले. प्रथम रशियास विजयी ठरविण्यात आले; भारताने दाद मागितल्यावर सुवर्णपदक दोन्ही देशांस विभागून देण्यात आले. पावसाळ्यात ज्यांचे नेटवर्क ऐन डावात नाहीसे होते त्या आमच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत फार जवळची वाटते!

दिव्या यांच्या खेळाची जात हल्ल्याची आहे. पुढाकार आपल्या हाती ठेवावा, शत्रूस स्वस्थ बसू देऊ नये, कठीण प्रसंगीही डाव गुंतागुंतीचा करून लढत राहावे, ही त्यांची रीत. वेगाच्या खेळात ही रीत विशेष फळते. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. तीत चीनची झू जिनेर, आपली द्रोणवल्ली हरिका, आणि अंतिम सामन्यात श्रीमती कोनेरू हंपी, या तिघींशी संथ डावांअखेर दिव्या यांचे गुण समसमान राहिले आणि निर्णय जलद डावांवर गेला. तिन्ही वेळा दिव्या जिंकल्या. २८ जुलै रोजी, एकोणीस वर्षांच्या वयात, त्या विश्वचषकाच्या मानकरी झाल्या आणि त्या विजयानेच त्यांस ग्रँडमास्टर ही पदवी लाभली. भारताच्या त्या ८८ व्या ग्रँडमास्टर, स्त्रियांत चौथ्या.

येथवर ऐकून आमच्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. वेग जिंकला, असे त्यास वाटले. परंतु याच स्पर्धेतील उपांत्य सामना आम्ही मुद्दाम शेवटी राखून ठेविला होता. तेथे समोर चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी होती. दुसऱ्या डावात दिव्या पांढऱ्या सोंगट्यांनी खेळल्या. काळ्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे सरसावून उत्तर दिले, तेव्हा त्यांनी आपले त्याच बाजूचे प्यादे एकच घर पुढे घेतले, अशासाठी की पटाच्या मध्यभागी जाणाऱ्या प्याद्यास आधार मिळावा. ही अलापिनची पद्धती. दिसावयास साधी, पण पाया भक्कम. तो डाव १०१ चालींचा झाला. दोन्हीकडून चुका झाल्या, पारडे वरखाली झाले, आणि अखेर दिव्या जिंकल्या. हा सामना जलद डावांपर्यंत गेलाच नाही. तासन् तास एका खुर्चीवर बसून, चूक झाल्यावरही न ढळता, पुन्हा प्रयत्न करण्याची शक्ती त्यास लागली. तीन सामने चपळाईने मिळाले खरे. पण हा चौथा चिकाटीने मिळाला नसता, तर अंतिम सामन्याची वेळच आली नसती.

आणि विजयानंतर त्या काय म्हणाल्या? आईच्या गळ्यात पडून अश्रू ढाळून झाल्यावर, मुलाखत घेणारांस त्यांनी सांगितले, की आपणांस डावाचा शेवट शिकलाच पाहिजे. निर्णायक डावाच्या अखेरीस कोठेतरी आपले चुकले. जगाचा चषक हाती आलेला असता आपला उणा भाग इतक्या सहज सांगणे आम्हांस त्या विजयाइतकेच मोठे वाटले. हे वाक्य ऐकून मुलगा प्रथमच हसला. त्याचा आणि त्यांचा दोष एकाच घरचा निघाला होता.

श्री. गुजराथी यांचे उदाहरण याहून निराळे. ते शांत, भक्कम मांडणीचे खेळाडू. २०२४ साली टोरांटो येथे जगज्जेत्याच्या आव्हानवीराची निवड करणारी स्पर्धा झाली, तीत त्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यास दोन वेळा पराभूत केले. नाकामुरा म्हणजे ऑनलाइन जलद बुद्धिबळाचा जगप्रसिद्ध वीर! संथ डावात मात्र नाशिककर त्यास दोनदा पुरून उरले. एकूण स्पर्धेत नाकामुराचे गुण अधिक झाले, हेही सांगितले पाहिजे. एका सामन्यावरून खेळाडूची किंमत करणे न्यायाचे नव्हे.

किंमतीचा विषय निघाला म्हणून मुलांच्या जिवास लागलेल्या त्या आकड्याविषयी, म्हणजे रेटिंगविषयी, थोडे लिहितो. तो बुद्धीचा आकडा नव्हे. दोन खेळाडूंच्या आकड्यांत २०० चे अंतर असेल, तर चार डावांत वरच्याने सुमारे तीन गुण मिळवावे अशी अपेक्षा, इतकाच त्याचा अर्थ. अपेक्षेहून अधिक मिळविले तर आकडा चढतो, कमी मिळविले तर उतरतो. शिवाय मोबाइलवरील आकडा निराळा आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचा निराळा. एकाची दुसऱ्याशी तुलना करू नये. आमचा विद्यार्थी रात्री पांघरुणात खेळत होता तो खेळाच्या आनंदाने नव्हे, तर दिवसा गमावलेले वीस-तीस आकडे झोपण्यापूर्वी परत मिळविण्याच्या हट्टाने. वेळेची नोंद तेच सांगत होती: रात्री दहानंतर तो जवळजवळ प्रत्येक डाव हरला होता.

आठ दिवसांनी पालक पुन्हा आले. आम्ही सांगितले ते असे. मोबाइल काढून घेऊ नये, पण रात्री नऊनंतर तो आईच्या स्वाधीन असावा. लोकलमध्ये खेळू नये. दिवसाला एकच डाव, तोही निदान अर्ध्या तासाचा. आणि हरल्यास लागलीच दुसरा न मांडता, डाव कोणत्या चालीस हरला व त्या चालीस किती सेकंद लागले, हे वहीत लिहावे. संगणक योग्य चाल क्षणात दाखवितो. तो उघडण्यापूर्वी आपले उत्तर लिहून ठेवावे, नाही तर उत्तरपत्रिका पाहून गणित सोडविल्यासारखे होते.

"आणि गणित?" पालकांनी विचारले. बुद्धिबळाने गणित सुधारते असे वचन आम्ही दिले नाही. तसे वचन देण्याचा आम्हांस अधिकार नाही. गणिताची वही निराळी, तीही रोज आम्हांस दाखवावी, इतके ठरले.

जाता जाता त्या गृहस्थांनी टेबलावरील लाकडी पटावरचा घोडा उचलून पाहिला आणि सांगितले, की त्यांचे वडील देशी पद्धतीने खेळत, व प्याद्याने केलेली मात त्यांना सर्वांत प्रिय असे. हे मुलास ठाऊक नव्हते. पुढील रविवारी उपासनेनंतर आम्ही शाळेतील एक जुना पट त्यांच्याकडे पाठवून दिला.

मुलाच्या वहीची आता सोळा पाने भरली आहेत. गणिताची चाचणी पुढील महिन्यात आहे. घरी मात्र सध्या एक वाद चालू असल्याचे समजते: वडील म्हणतात, प्याद्याने पहिल्या चालीसही एकच घर जावे.