चंद्रकोरीची उलट तोंडे : वारा आणि वाळूच्या टेकड्या

वाळवंटातील टेकड्यांना वारा आकार देतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्यातील अडचण सहसा ध्यानात येत नाही. एकाच वाऱ्याने परस्परविरुद्ध तोंडाच्या दोन चंद्रकोरी घडू शकतात. राजस्थानच्या थर वाळवंटात त्या दोन्ही आढळतात. आणि केवळ बाह्याकृतीवरून वाऱ्याची दिशा सांगू पाहणारा अभ्यासक तेथे नेमकी उलटी दिशा सांगून बसण्याचा संभव असतो.

प्रथम कणाच्या गतीचा विचार केला पाहिजे. टेकडीतील वाळूचा कण सामान्यतः पाव मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा असतो. त्याहून पुष्कळ सूक्ष्म अशी धूळ वाऱ्याबरोबर उंच चढून दूरदेशी जाते; वाळू मात्र जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकते आणि खाली आदळताना इतर कणांस उसळविते. या क्रियेचे गणित ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटातील प्रवास व वायुबोगद्यातील प्रयोग यांच्या आधारे मांडले. त्यांचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास वाळू स्थूलमानाने आठपट होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. वर्षभराच्या मंद वाऱ्यांपेक्षा मोजक्या वादळी दिवसांचे कर्तृत्व अधिक ठरते ते यामुळेच.

वाळू थोडी, जमीन कठीण आणि वारा एकाच दिशेचा असला म्हणजे बारखाण निर्माण होते. तिचा वाऱ्यासमोरील उतार सौम्य असतो. आडोशाचा उतार मात्र सुमारे ३३ अंशांचा असतो. याहून उभ्या उतारावर कोरडी वाळू टिकत नाही, ती घसरते. टेकडी जितकी ठेंगणी तितकी ती लवकर सरकते. बारखाणीच्या दोन्ही कडा मध्यभागापेक्षा ठेंगण्या असल्यामुळे त्या पुढे निघून जातात व शिंगे वारा जातो त्या दिशेस वळतात. वाळू विपुल असेल तर अशा टेकड्या एकमेकींत मिसळून वाऱ्याला आडव्या रांगा होतात.

अन्वस्ताकार टेकडीची गोष्ट याच्या उलट आहे. येथे गवत व झुडपे कडांची वाळू मुळांनी धरून ठेवतात. उघडा मध्यभाग तेवढा वाऱ्यासरशी पुढे जातो आणि बाहू मागे राहतात. थरमध्ये हाच प्रकार विशेष आढळतो. तेथील प्रबळ वारे उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी नैर्ऋत्येकडून येतात. त्यामुळे या टेकड्यांचे बाहू नैर्ऋत्येस आणि नाक ईशान्येस असते. सारांश, चंद्रकोर दिसली एवढ्याने भागत नाही. उभा उतार कोणत्या बाजूस आहे हे पाहावे लागते.

वाऱ्याची दिशा ऋतुमानाने पालटत असल्यास लांबच लांब रेषाकार टेकड्या होतात. बॅग्नोल्ड यांच्या मते बारखाणीचे एक शिंग तिरप्या वाऱ्याने लांबत जाऊन ही टेकडी बनते. परंतु हैम त्सोअर यांनी सीनाईतील टेकडीवर केलेल्या निरीक्षणांतून (१९८३) असे दिसले की, तिरपा वारा माथा ओलांडताच वळून माथ्याला समांतर वाहतो व वाळू लांबीच्या दिशेने नेतो. अनेक दिशांचे वारे आणि भरपूर वाळू यांच्या योगाने तारकाकृती टेकड्या उंच वाढतात.

नावांचाही येथे थोडा विचार करण्याजोगा आहे. ‘बारखाण’ हा शब्द मध्य आशियातील तुर्की भाषांतून शास्त्रात आला. रेषाकार टेकडीचे ‘सैफ’ हे नाव अरबीतील, अर्थ तलवार. राजस्थानातील ‘धोरा’ व ‘टीबा’ हे शब्द मात्र वाळूच्या टेकडीस सर्वसाधारणपणे लावले जातात, आकारभेद दर्शवीत नाहीत.

अतिचराई वा लाकूडतोड यांमुळे वनस्पतींचे आवरण गेले की स्थिरावलेली अन्वस्ताकार टेकडी पुन्हा चालू लागते. तिच्या उघड्या वाळूतून बारखाणी उपजतात व शेते, रस्ते वाळूखाली जातात. जोधपूर येथे १९५२ साली स्थापन झालेल्या वनीकरण संशोधन केंद्रातून १९५९ साली केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था आकारास आली. टेकडी स्थिर करण्याची तिची पद्धत अशी : प्रथम गुरांना अटकाव करावयाचा, नंतर खींपसारख्या स्थानिक झुडपांच्या काटक्यांच्या ओळी वाऱ्याला आडव्या रोवावयाच्या, आणि त्यांच्या आडोशाला सेवण गवत व झाडे लावावयाची. काटक्यांच्या या ओळींची दिशा चुकली तर पहिल्याच उन्हाळ्यात रोपे वाळूखाली गाडली जातात किंवा त्यांची मुळे उघडी पडतात.