लेखकाचे दोन पडदे

लेखकाच्या दिनक्रमाविषयी वाचकांच्या मनात एक जुने चित्र अजून टिकून आहे. खिडकीपाशी टेबल, त्यावर शाईचे पेन, शेजारी थंड होत चाललेला चहा आणि एकटाकी लिहून झालेली पाने. प्रत्यक्षात आजच्या मराठी लेखकाचा दिवस दोन पडद्यांसमोर जातो. सकाळी संगणकाचा पडदा आणि रात्री दूरचित्रवाणीचा. एकावर तो स्वतः लिहितो, दुसऱ्यावर इतरांनी लिहिलेले पाहतो. पहिला त्याला छळतो आणि दुसरा त्याचा वेळ खातो, अशी तक्रार चार लेखक एकत्र जमले की हमखास ऐकू येते.

या तक्रारींमागची कारणे समजून घेतली तर त्यातील बराच त्रास टळतो. संगणकाच्या बाबतीत तर ही समज अगत्याची आहे, कारण तेथे प्रश्न लेखकाच्या सोयीपुरता नाही. १९९० नंतरच्या सुमारे वीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिले गेले, त्यातील किती लेखन पुढच्या पिढीला वाचता येणार, हा तो प्रश्न आहे.

अक्षरांमागचे आकडे

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. पडद्यावर ‘क’ दिसतो तेव्हा यंत्राच्या पोटात एक क्रमांक साठवलेला असतो, आणि त्या क्रमांकाला कोणता आकार द्यायचा हे टंक, म्हणजे फॉन्ट ठरवतो. सुरुवातीच्या संगणकांत हे क्रमांक रोमन लिपीसाठी ठरले. उदाहरणार्थ, १०० हा लहान ‘डी’चा क्रमांक. देवनागरीसाठी वेगळी जागा नव्हती. तेव्हा टंक बनवणाऱ्यांनी युक्ती केली. क्रमांक रोमनचेच ठेवले आणि त्यावर आकार मात्र देवनागरीचे चढवले. कृतिदेव या प्रसिद्ध टंकात १०० या क्रमांकावर ‘क’ बसवलेला आहे. त्या टंकात ‘मराठी’ असे लिहिले की यंत्राच्या लेखी ती ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ अशी पाच रोमन अक्षरे असतात. टंक आहे तोवर मराठी, टंक गेला की निरर्थक रोमन.

त्यातच प्रत्येक टंकनिर्मात्याची मांडणी निराळी. श्रीलिपीत लिहिलेले आकृतीत उघडत नसे आणि आकृतीतले कृतिदेवमध्ये. लेखक एका टंकात लिही, मुद्रक दुसऱ्या टंकात पाने लावी, आणि मध्ये कोणीतरी सगळा मजकूर पुन्हा टंकित करी. त्यात शिरलेल्या चुका लेखकाच्या नावावर जात.

यावर उपाय शोधण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले होते. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळफलक १९८६ मध्ये ठरला. भारतीय लिपींच्या संकेतांकांचे ‘इस्की’ हे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५. हा क्रमांक जगातील कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो, टंक कोणताही असो. मात्र घरगुती संगणकांवर देवनागरी युनिकोड वापरण्याजोगे झाले ते विंडोज २०००पासून, आणि छपाईची पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर त्याहून बराच उशिरा. तोपर्यंतचे दिवाळी अंक, कथासंग्रह, स्मरणिका, वृत्तपत्रांतील सदरे हे सारे जुन्या टंकांतच साठत गेले. अनेक घरांत आज फ्लॉपी, सीडी किंवा बंद पडलेल्या संगणकाच्या रूपाने ते पडून आहे.

बिघाडाची चार लक्षणे

जुनी फाइल उघडली आणि मजकूर वाचता आला नाही, की ती खराब झाली असे समजून पुसून टाकण्याची घाई होते. ती करू नये. न वाचता येण्याचेही प्रकार आहेत आणि त्यांतील तीन बरे होणारे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे सलग रोमन अक्षरांची खिचडी दिसणे. मजकूर जुन्या टंकात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो टंक ओळखून परिवर्तकातून युनिकोडमध्ये नेता येतो.

दुसरा प्रकार, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसणे. येथे मजकूर शाबूत असतो. पडद्यावर आकार काढण्यासाठी लागणारा टंक मात्र त्या यंत्रात नसतो. देवनागरी टंक बसवला की चौकोनांची अक्षरे होतात.

तिसरा प्रकार चमत्कारिक दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन ‘ए’ दर दोन-तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा येतो. हा मजकूर युनिकोडमध्येच आहे. युनिकोडच्या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि वाचणारे सॉफ्टवेअर त्या तिघांना तीन वेगळी अक्षरे समजते आहे. उघडताना संकेतप्रणाली ‘यूटीएफ-८’ निवडली की मराठी परत येते.

चौथा प्रकार मात्र दुर्दैवी. अक्षरांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे. देवनागरी न ओळखणाऱ्या पद्धतीत कोणीतरी ती फाइल साठवली आणि साठवताना प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. मूळ क्रमांकच उरले नाहीत, त्यामुळे त्या प्रतीतून काही परत मिळत नाही. दुसरी प्रत शोधणे एवढेच हाती राहते.

जुन्या टंकातून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर बारकाईने तपासावा लागतो, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या टंकांत ‘कवि’ लिहिताना वेलांटी ‘व’च्या आधी टंकित होई, कारण ती डाव्या बाजूला दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी ‘व’ आणि मग वेलांटी साठवली जाते. ‘धर्म’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘म’नंतर येई, नव्या पद्धतीत त्यातील ‘र’ हा ‘म’च्या आधी असतो. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण जोडाक्षरांपाशी अडखळतो. संस्कृतप्रचुर गद्य असेल तर चुका अधिक.

नव्या पद्धतीतील खोडी

युनिकोड आले म्हणून सगळे त्रास संपले, असे झाले नाही. ‘ॲप’मधील ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधीचे लेखक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आणि आजही काही कळफलक तसेच करतात. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगळे. ‘दुसऱ्या’मधील अर्धा ‘र’ही दोन रीतींनी टंकित होतो. परिणामी चारशे पानांच्या हस्तलिखितात एखादा शब्द शोधावा तर निम्मे सापडतात आणि निम्मे डोळ्यांसमोर असूनही यंत्राला दिसत नाहीत. पात्राचे नाव सर्वत्र बदलायचे झाले तर ही खोडी महागात पडते. आपला कळफलक कोणती रीत वापरतो हे एकदा पाहून ठेवावे आणि एकाच पुस्तकासाठी दोन यंत्रे वापरत असल्यास दोहोंवर एकच कळफलक ठेवावा.

‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदी वळणाहून निराळे आहे. दोन्ही वळणांचा क्रमांक मात्र एकच, त्यामुळे पडद्यावर कोणते दिसेल हे टंकावर अवलंबून. हिंदी वळणाचा ‘ल’ पाहून अस्वस्थ होणाऱ्यांनी मजकूर सुधारण्याच्या मागे लागू नये. टंक बदलला की पुरे.

पाऊस, वीज आणि दिवाळी अंक

दिवाळी अंकांचे साहित्य ऐन पावसाळ्यात मागवले जाते. आपल्याकडे वीज खंडित होण्याचे, दाब कमीजास्त होण्याचे दिवसही तेच. मृगाआधीच्या आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक, तेव्हा धोकाही मोठा. यूपीएस घेतला की आपण निर्धास्त, ही समजूत अपुरी आहे. यूपीएस वीज गेल्यावर काही मिनिटे देतो आणि त्या मिनिटांचा उपयोग मजकूर साठवून यंत्र नीट बंद करण्यासाठी असतो, पुढचे प्रकरण संपवण्यासाठी नव्हे. आकाशातील वीज केवळ विद्युतवाहिनीतूनच येते असेही नाही. ब्रॉडबँडची तांब्याची तार आणि डिशची वायर हे तिचे आणखी दोन मार्ग. गडगडाट सुरू होताच प्लगबरोबर या दोन्ही तारा काढून ठेवल्या तर संगणक आणि दूरचित्रवाणी संच दोन्ही वाचतात. घराचे अर्थिंग ठीक आहे ना, हे वर्षातून एकदा वीजतंत्र्याकडून पाहून घेणेही आवश्यक.

विजेइतकीच दमट हवा वाईट, फक्त ती सावकाश काम करते. कपाटात ठेवलेल्या सीडीवर बुरशी धरते, जोडण्या गंजतात. म्हणून जपणुकीचा साधा नियम असा की प्रत्येक लेखनाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. घराबाहेरची म्हणजे इंटरनेटवरील साठवण किंवा परगावी राहणाऱ्या मुलीच्या संगणकावरील प्रत. जागेची चिंता नको. तीनशे पानांच्या कादंबरीचा युनिकोड मजकूर मोबाइलवरील एका चांगल्या छायाचित्राहून क्वचितच अधिक जागा घेतो. ज्या फोनमध्ये सुप्रभातच्या शेकडो चित्रांना थारा आहे, तेथे आयुष्यभराचे लेखन सहज मावेल.

रात्रीचा पडदा

दिवसभर या यंत्राशी झुंजून लेखक रात्री दूरचित्रवाणीसमोर बसतो. ही त्याची विश्रांती असते आणि पुष्कळदा अभ्यासही. लेखकाचा आणि या माध्यमाचा संबंध जुना आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे काही वर्षांतच चिं. वि. जोशी यांचे चिमणराव तेथे अवतरले. दिलीप प्रभावळकर यांच्या रूपात त्यांनी पुस्तक न वाचणाऱ्या घरांतही प्रवेश मिळवला. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी बोली मराठी घराघरांत पोचवली. पेडण्याच्या सीमेपलीकडची ही बोली ऐकताना आपल्याकडील प्रेक्षकाला भाषांतर लागले नाही. संवाद लिहिणाऱ्याने अशा मालिका कान देऊन ऐकाव्यात. बोलीतील वाक्य कोठे तुटते, राग आल्यावर क्रियापद कोठे जाते, हे शब्दकोशात सापडत नाही.

मग कथानक पुढे का सरकत नाही, ही प्रेक्षकांची नेहमीची तक्रार. त्याचे उत्तर गणितात आहे. नियमानुसार तासाभरात जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिरातींना देता येतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात कथेला २२ ते २४ मिनिटे उरतात. आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या मालिकेचे वर्षाला ३१२ भाग होतात. प्रत्येकी २२ मिनिटे धरली तरी ते ११४ तासांहून अधिक, म्हणजे अडीच तासांचे ४५ चित्रपट. एका वर्षात ४५ चित्रपटांएवढी कथा कोणत्याही एका कुटुंबात घडत नाही. म्हणून दार उघडताना तिघांचे चेहरे दाखवावे लागतात, एकच बातमी पाच जणांना पाच वेळा सांगावी लागते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी विभागणी असते आणि दर आठवड्याचे प्रेक्षकसंख्येचे आकडे पाहून पुढचे वळण ठरते. ही मंडळी आळशी नसतात. उलट रोजच्या रोज पाने देण्याची जी शिस्त त्यांना पाळावी लागते, ती पुस्तके लिहिणाऱ्या अनेकांना झेपणार नाही.

पूर्वी दूरदर्शनचे प्रसारण ठरावीक वेळी संपे आणि प्रेक्षक उठे. आता मोबाइलवर आणि जालावर एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो. उठण्याची वेळ सांगणारे कोणी उरलेले नाही. लिहिणाऱ्याने ती वेळ स्वतः ठरवावी आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी. ती सोय बहुतेक ठिकाणी दोन-तीन कळा दाबून बंद करता येते.

जपणूक हेच काम

या दोन पडद्यांमध्ये एक साम्य आहे. चित्रफिती महाग होत्या, त्या काळात जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची रीत जगभर होती. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या मालिकेचे १९६०च्या दशकातील अनेक भाग याच कारणाने नाहीसे झाले. आपल्याकडील त्या काळचे पुष्कळ कार्यक्रमही आज केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत आहेत. कोणी वैराने ते नष्ट केले नाहीत. जपण्याचा निर्णय वेळेवर कोणी घेतला नाही, इतकेच.

कागदावरचे लिखाण वाळवी आणि पाण्यापासून वाचले तर विसरलेल्या पेटीतही पन्नास वर्षे राहते आणि उघडताच वाचता येते. पडद्यावरचे लिखाण विसरले की जाते. ते दर काही वर्षांनी उघडून, नव्या साधनावर उतरवून, वाचता येते की नाही हे पाहून जिवंत ठेवावे लागते. घरात वडिलांच्या कविता असलेली फ्लॉपी, आजोबांनी लिहिलेल्या गावच्या देवस्थानाच्या इतिहासाची सीडी, एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेची जुनी फाइल असेल, तर ती वाचू शकणारे यंत्र आणि तिचा टंक ओळखू शकणारा माणूस आज अजून भेटू शकतो. जुन्या मुद्रणालयांत आणि डीटीपी करणाऱ्यांकडे चौकशी करावी. ही मंडळी निवृत्तीच्या वयाला पोचली आहेत. चतुर्थीची साफसफाई करताना अशी एखादी चकती हाती लागली, तर ती रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्यात काय आहे हे एकदा पाहून घ्यावे.