लंगडणं थांबलं म्हणजे दुखणं संपलं?

चेंडूमागे सुसाट धावणारा कुत्रा गुळगुळीत फरशीवर वळतो, मागचा पाय घसरतो आणि ‘कँव’ असा एकच आवाज येतो. क्षणात तो तीन पायांवर उभा. घरातले धावतात. कुणी पाय चोळतं, कुणी तेल आणतं, कुणी शेकायची पिशवी शोधतं. दहा मिनिटांत कुत्रा पुन्हा चेंडूकडे निघतो आणि घर निर्धास्त होतं. चूक होते ती इथेच. खेळाच्या भरात कुत्र्याला दुखण्याचं भान राहत नाही, आणि अर्धवट दुखावलेला सांधा दुसऱ्या धावेत पुरता निकामी होऊ शकतो. म्हणून पहिला उपचार एकच: खेळ थांबवायचा आणि गळ्यात पट्टा अडकवायचा.

मग बघायचं, हात न लावता. पट्टा सैल धरून त्याला चार पावलं चालवावं. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दुखणं मागच्या पायात असेल तर कमरेची एक बाजू जास्त वरखाली होते. एवढं बघितलं तरी नेमका पाय कळतो.

तपासणी पंजापासून सुरू करावी, कारण बरेचदा कारण तिथेच सापडतं: बोटांच्या बेचक्यात रुतलेला बाभळीचा काटा, काचेने चिरलेली गादी किंवा पंजाच्या वर, आतल्या बाजूला असलेलं आणि मुळाशी तुटलेलं नख. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कापड पाच मिनिटं, मध्ये न उचलता, दाबून धरावं. पंजात काही नसेल तर हळूहळू वर जावं. आधी चांगला पाय चाचपावा, मग दुखरा, म्हणजे सूज आणि ऊब यांतला फरक हाताला कळतो. त्याने अंग चोरलं, मान वळवली किंवा गुरगुरला की थांबावं. वेदनेत जिवाभावाचा कुत्राही चावतो. चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

काही खुणा दिसल्या तर घरी थांबूच नये. पाय अजिबात टेकत नाही, तो विचित्र कोनात वळलाय, हाड दिसतंय, रक्त थांबत नाही, मागचा भाग फरफटतोय किंवा हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात, तर तडक पशुवैद्य. अशा वेळी पट्ट्या-फळ्या बांधायचा मोह टाळावा. चुकीच्या जागी बांधलेला आधार मोडलेलं हाड आणखी हलवतो. मोठ्या कुत्र्याला सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर न्यावं, छोट्याला टोपलीत.

किरकोळ लचक असेल तर पहिले दोन दिवस गारवा: कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. ताज्या सुजेला शेक नको, चोळणं नको आणि बाम तर नकोच, कारण कुत्रा तो चाटतो.

सर्वांत धोकादायक असतो घरातला औषधांचा डबा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडांना किंवा यकृताला गंभीर इजा करू शकतात. मेलॉक्सिकॅम पशुवैद्यही देतात, पण मात्रा बघा. पाच किलोच्या पोमेरेनियनला पहिल्या दिवशी साधारण एक मिलिग्रॅम लागतं आणि माणसांची गोळी असते साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची.

आता मूळ प्रश्न. चोवीस तासांनंतरही लंगडणं असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर संशय जातो गुडघ्यावर. माणसाचा गुडघ्यातला लिगामेंट फुटबॉल खेळताना एका झटक्यात तुटतो. कुत्र्यात बहुतेकदा त्याचे धागे महिनोन्‌महिने झिजत असतात आणि खेळताना घेतलेलं एखादं साधं वळण शेवटचं ठरतं. लॅब्रॉडॉर, रॉटवायलर आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं. काही आठवड्यांत लंगडणं कमी होतं, पण सैल गुडघ्यात कूर्चा घासत राहते आणि संधिवात मूळ धरतो. कुत्रा बसताना एक पाय बाजूला पसरत असेल, उभा असताना नुसती बोटं टेकवत असेल, तर दुखणं संपलेलं नाही. अमेरिकी शल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी 1993 मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया आज जगभर होते. तीत नडगीच्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापून, फिरवून त्याचा उतार कमी केला जातो. एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढे जातो, म्हणून पहिल्या खुणेलाच महत्त्व.

उशिराची किंमत रतन टाटांनीही मोजली. सांधेबदलासाठी ते आपल्या कुत्र्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले. वेळ निघून गेली होती, सांधा एका स्थितीत कायमचा जखडावा लागला. हा अनुभव त्यांनी मुलाखतीत सांगितला होता. जुलै 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे ही आच होती. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासूनचं. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. निघण्यापूर्वी एक्स-रेची सोय सुरू आहे का, ते फोनवर विचारावं. घरीच लंगडण्याचा व्हिडिओ काढून ठेवावा, कारण दवाखान्यात बिथरलेला कुत्रा अनेकदा सरळ चालून दाखवतो.

विश्रांतीचा अर्थही पक्का हवा. शी-शूपुरतं पट्ट्यावर बाहेर, जिने बंद, सोफ्यावरून उड्या बंद. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे किंवा जास्त लागतात, पिल्लाचं लवकर जुळतं. पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने पाच मिनिटांच्या चालीपासून सुरुवात. तोवर घरातल्या चकचकीत टाइल्सवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्यात, नखं कापावीत, गाद्यांमधले केस छाटावेत आणि बरगड्या हाताला सहज लागतील इतकंच वजन ठेवावं. खेळ पुन्हा सुरू होईल तेव्हा चेंडू उंच उडवू नये. मातीच्या मैदानावर तो जमिनीलगत सरपटत सोडावा, म्हणजे हवेत झेपावून एका पायावर उतरायची वेळ येत नाही.