मंडईतील पिशवी

१८८६ साली 'रे मार्केट' म्हणून उघडलेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव लाभलेल्या मंडईत पुणेकर गृहस्थ पूर्वी कापडी पिशवी घेऊन जात असे. आज तो हात हलवीत जातो आणि कोथिंबिरीच्या जुडीलाही निराळी पिशवी मागतो. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी जाहीर केली; पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड ठरविला. केंद्रानेही २०२२ अखेरपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली. परंतु पिशवी नाकारली की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाते, हे भाजीवाली जाणून आहे. दंडाची धास्ती तिला. मागणारा, बहुधा आमच्यासारखाच सुशिक्षित, नामानिराळा! त्याच पिशवीत बांधलेली देठे-साले कचरावेचक स्त्रियांना हाताने सोडवावी लागतात. शहराचा कचरा उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी किती वर्षे सोसला, हेही आम्हांस ठाऊक नाही काय?

महापालिकेने आधी पातळ पिशव्यांची गोदामे गाठावीत, गाळे मागाहून. आणि मंडईच्या दाराशीच अनामत घेऊन कापडी पिशव्या द्याव्यात. पिशवी परत येताच पैसे परत करावेत.